कोकणातली कासवं आणि समुद्रात राहून गेलेली जाळी

खाडीकाठ

समुद्रातल्या प्लास्टिकचा विषय निघाला की बोलणं बाटल्या, पिशव्या आणि स्ट्रॉभोवतीच फिरतं. २०१५ मध्ये कोस्टा रिकाजवळ एका कासवाच्या नाकपुडीतून स्ट्रॉ ओढून काढतानाचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला. ते कासव ऑलिव्ह रिडले होतं. आपल्या वेळास, आंजर्ले, गुहागरला अंडी घालायला येते तीच ही जात. पण पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर जी जखमी कासवं लागतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पुढच्या वल्ह्यांना (वल्ह्यासारख्या पायांना) नायलॉनच्या जाळ्याचे पीळ बसलेले असतात. पीळ आवळत जातो, रक्त पुढे जात नाही, वल्हं सडतं. किनाऱ्यावर येईपर्यंत कधीकधी ते तुटून गेलेलं असतं. डहाणूला वनखात्याच्या मदतीने चालणारं कासव उपचार केंद्र आहे, तिथे अशी कासवं वर्षानुवर्षं येत आहेत.

या धाग्यात मला बोलायचं आहे ते या जाळ्यांबद्दल. तुटून किंवा सुटून पाण्यात राहिलेलं जाळं मालकाशिवाय मासेमारी करत राहतं. इंग्रजीत त्याला घोस्ट नेट म्हणतात, आपल्याकडे हल्ली भूतजाळं म्हणू लागलेत. त्यात मासा अडकतो, त्याला खायला मोठा मासा येतो, तोही अडकतो, मग कासव येतं. कासव हवेत श्वास घेणारा प्राणी आहे. वर येता आलं नाही तर ते पाण्यात बुडून मरतं. समुद्रात राहणारा प्राणी बुडून मरतो हे अनेकांना खरं वाटत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

पूर्वीची जाळी सुती आणि तागाची असत. ती टिकावीत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवावी लागत, आणि एवढं करूनही काही काळाने कुजत. जाळं हरवलं तरी समुद्र त्याचा निकाल लावायचा. नायलॉन आलं आणि कोळ्यांचे कष्ट वाचले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नायलॉन कुजत नाही. त्यात गेल्या काही वर्षांत तंगूसची जाळी वाढली. एकेरी, पारदर्शक धागा, स्वस्त, मासळीही चांगली लागते. मात्र ते फाटलं की नीट दुरुस्त होत नाही. साधं नायलॉनचं जाळं माणसं बंदरावर बसून विणून विणून वर्षंच्या वर्षं वापरतात. तंगूस एखाद-दुसऱ्या हंगामानंतर टाकूनच द्यावं लागतं. टाकायचं कुठे? माझा सगळा मुद्दा या एका प्रश्नापाशी येतो.

कोणत्याही बंदरावर जा. बर्फ आहे, डिझेल आहे, लिलावाची जागा आहे. फाटलं जाळं नेऊन देण्याची जागा बहुतेक ठिकाणी नाही. मग ते धक्क्यामागे ढीग होऊन पडतं, जाळलं जातं, नाहीतर उधाणाच्या भरतीत निघून जातं.

कासव कुठलं, हा प्रश्नही मला आता निरर्थक वाटतो. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला, पश्चिम किनाऱ्यावरचा तो पहिला. २०२३ मध्ये गुहागरला टॅग केलेली ‘बागेश्री’ गोवा, कर्नाटक, केरळ ओलांडून श्रीलंकेपर्यंत पोचली. आणि २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली! एवढ्या प्रवासात तिला किती राज्यांची, किती देशांची जाळी चुकवावी लागली असतील?

वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू केलं आणि अंडी चोरीला जाणं जवळपास थांबलं. किनाऱ्यावरचं काम आपण मन लावून केलं. पिल्लू पाण्यात गेल्यानंतरच्या भागाकडे आता बघायला हवं असं मला मनापासून वाटतं. जाणकारांनी लिहावं, विशेषतः मासेमारीत असलेल्यांनी.

तर्कशुद्ध

लेख आवडला, पण एक शंका. समुद्रातलं बहुतेक प्लास्टिक जमिनीवरून जातं ना? मुंबईत दर पावसाळ्यात मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्हवर, माहीमला, जुहूला समुद्र कचरा परत फेकतो. त्यात जाळी किती आणि आपल्या घरातल्या पिशव्या किती? खरा दोष शहरांचा असताना तुम्ही कोळ्यांकडे बोट दाखवताय असं वाटलं.

आकडेमोड

तर्कशुद्ध, तुमचं आणि धागाकर्त्याचं, दोघांचंही बरोबर आहे. फक्त समुद्राचे भाग वेगळे आहेत.

जमिनीवरून जाणाऱ्या प्लास्टिकचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा अंदाज २०१५ चा आहे. २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १.२७ कोटी टन प्लास्टिक समुद्रात गेलं असावं, असा तो. नद्यांबाबत आधी गंगा, सिंधू, यांगत्से अशा मोठ्या नद्यांवर सगळा ठपका होता. २०२१ च्या अभ्यासाने चित्र पालटलं. नद्यांतून जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के प्लास्टिक हजाराहून अधिक नद्यांतून जातं, आणि त्यात शहरातून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा फार मोठा आहे, असं त्यांचं गणित सांगतं. त्या यादीत आपली उल्हास नदी अगदी वरच्या क्रमांकांत आहे. गणित प्रतिकृतीवर (मॉडेलवर) बेतलेलं आहे, नदीत उभं राहून मोजलेलं नाही, हे लक्षात ठेवूनही कल्याण-उल्हासनगर-ठाण्याच्या लोकांनी ते मनावर घ्यावं.

याउलट किनाऱ्यापासून दूर चित्र बदलतं. पॅसिफिकमधल्या मोठ्या कचरापट्ट्याचं २०१८ मध्ये मोजमाप झालं तेव्हा सुमारे ७९ हजार टन प्लास्टिक निघालं आणि वजनाने त्यातलं ४६ टक्के मासेमारीची जाळी होती. पिशवी बहुधा किनाऱ्याजवळच घुटमळते, जाळं मात्र दूर जातं आणि खूप काळ टिकतं.

एक विनंती. दरवर्षी ६.४ लाख टन जाळी समुद्रात हरवतात, हा आकडा सगळीकडे दिसतो. तो जपून वापरा, त्याचा पाया फार कच्चा आहे हे संशोधकांनीच दाखवलंय. त्यापेक्षा २०२२ चा अंदाज बरा, कारण तो सात देशांतल्या ४५० मच्छीमारांना विचारून काढलाय. त्यानुसार जगातल्या मासेमारी साहित्यापैकी सुमारे २ टक्के दरवर्षी हरवतं. ऐकायला कमी वाटतं, पण त्यात नुसती गिलजाळी (पाण्यात भिंतीसारखी उभी लावतात ती) सुमारे २,९६३ चौरस किलोमीटर भरतात.

डोलकरी_उत्तर

मी स्वतः डोलीचा माणूस आहे म्हणून लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डोलजाळं समुद्रात खुंटांना बांधून ठेवलेलं असतं, तोंड प्रवाहाकडे. ते ओढत फिरवायचं नसतं. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून जातं आणि पाण्याबरोबर जे येईल ते शेवटच्या खोल्यात जमा होतं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आणि तुमच्या शहराच्या पिशव्या. खोला सोडला की आधी प्लास्टिक वेगळं करायचं, मग मासळी निवडायची. पावसाळ्यानंतर नवा हंगाम सुरू होतो तेव्हा सर्वांत वाईट. प्लास्टिक भरलं की पाणी आरपार जात नाही, जाळ्यावर ताण येतो आणि जाळंच फाटतं. म्हणजे शहराच्या कचऱ्याने आमचं जाळं तुटतं, आणि मग तुम्ही म्हणता समुद्रात जाळी कोळ्यांनी टाकली.

कोणीही जाणूनबुजून जाळं टाकत नाही हो. जाळं म्हणजे आमचं भांडवल. रात्री लावलेल्या जाळ्यावरून ट्रॉलर (जाळं ओढत नेणारी मोठी बोट) जातो आणि जाळं कापून नेतो. खडपात अडकतं. वादळ येतं. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते, या दोन वादळांत किनाऱ्यावर किती लोकांची जाळी गेली त्याची गणती नाही. जाळं गेलं की शोधायला डिझेल कोण देणार?

तंगूसचं मात्र तुम्ही खरं लिहिलंत. आमच्यातली जुनी माणसंही तेच म्हणतात. आणि दुरुस्ती करताना कापलेले तुकडे पाण्यात झटकायची सवय आमचीच आहे, ती बदलायला हवी.

देवगडचो

बरोबर बोललात दादा. आमच्याकडे पण ह्याच आसा. रापण ओढली की आधी पिशये आणि बाटले वेगळे करूचे लागतत, मगे मासळी. पयले असा नव्हता.

मृण्मयी_व

मी पशुवैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून कासवाच्या पोटाबद्दल थोडं.

कासवाच्या अन्ननलिकेत आत वळलेले काटे असतात. जेलीफिशसारखं निसरडं भक्ष्य परत सटकू नये आणि गिळताना आलेलं खारं पाणी तेवढं बाहेर टाकता यावं, म्हणून ही रचना. आता तिथे पिशवीचा तुकडा गेला तर तो बाहेर यायचा मार्गच नाही. आतड्यात तो अडकतो, अन्न सडतं, वायू धरतो. असं कासव पाण्यावर तरंगत राहतं, त्याला बुडी मारता येत नाही. बुडी नाही म्हणजे खाणं नाही, आणि बोटीपासून पळणंही नाही. पावसाळ्यात वाहून येणाऱ्या कासवांत अशी तरंगणारीही असतात.

पिशवी जेलीफिशसारखी दिसते म्हणून कासव फसतं, एवढंच आपण ऐकलेलं असतं. २०२० मधल्या एका प्रयोगात असं दिसलं की समुद्रात राहून शेवाळ-जंतूंचा थर चढलेल्या प्लास्टिकच्या नुसत्या वासाला कासवांनी खऱ्या अन्नाइतकाच प्रतिसाद दिला. तो प्रयोग लॉगरहेड जातीवर होता. म्हणजे प्लास्टिक जितकं जुनं तितका धोका कमी, असं म्हणता येत नाही. आणखी एका अभ्यासात (२०१८) मेलेल्या कासवांच्या नोंदींवरून हिशोब मांडला होता: पोटात १४ तुकडे असतील तर मरण्याची शक्यता ५० टक्के. पण एकाच तुकड्याने जीव गेल्याची उदाहरणंही त्यात आहेत.

सर्वांत जास्त त्रास पिल्लांना होतो. मोठी कासवं खोल जाऊन खेकडे, शिंपले, कोळंबी खातात. पिल्लं मात्र पृष्ठभागावर, जिथे दोन प्रवाह मिळतात आणि फेसाबरोबर सगळं तरंगतं गोळा होतं, तिथेच पहिली वर्षं काढतात. अन्न तिथेच आणि प्लास्टिकही तिथेच. आपण टाळ्या वाजवत ज्यांना पाण्यात सोडतो, ती तिकडे जातात.

तर्कशुद्ध

डोलकरीदादा, मनापासून आभार. या बाजूने कधी विचारच केला नव्हता.

मृण्मयीताई, आम्ही खातो त्या मासळीचं काय? घरात लहान मुलं आहेत.

मृण्मयी_व

पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात आणि ते जगभरात माशांच्या आतड्यांत सापडले आहेत. सुरमई, पापलेट आपण साफ करून, आतडी काढून खातो, त्यामुळे त्यांचा प्रश्न कमी. जवळा, सुकट, तिसऱ्या, कालवं आपण आख्खी खातो, तिथे प्रश्न जास्त. माणसाच्या आरोग्यावर नेमका परिणाम किती, यावर संशोधन चालू आहे. मासे सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही. माझ्या घरी जवळा होतोच. प्लास्टिकच्या डब्यात गरम पदार्थ ठेवणं मात्र मी बंद केलंय.

समिधा_कोची

मी नोकरीनिमित्त केरळमध्ये आहे, इथल्या दोन गोष्टी सांगते. पहिली वाईट.

२५ मे २०२५ ला कोचीजवळ एमएससी एल्सा ३ हे ६४० कंटेनर घेऊन निघालेलं जहाज बुडालं. काही दिवसांत तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर साबुदाण्यासारखे पांढरे दाणे पसरले. प्लास्टिकच्या वस्तू बनवण्याचा तो कच्चा माल. स्वयंसेवक वाळू चाळून चाळून ते वेगळे करत होते. २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जळून बुडालं तेव्हा असे सुमारे १,६८० टन दाणे श्रीलंकेच्या समुद्रात गेले होते. ते दाणे मासे अंडी समजून खातात. ही ना कोळ्यांची चूक ना शहरांची. या वाटेने येणारं प्लास्टिकही चर्चेत असावं असं वाटलं.

दुसरी चांगली. कोल्लम जिल्ह्यात नींदकरा बंदरावर २०१७ मध्ये ‘शुचित्व सागरम्’ योजना सुरू झाली. बोटींना पिशव्या दिल्या: जाळ्यात येणारं प्लास्टिक परत समुद्रात फेकू नका, घेऊन या. बंदरावर बायका ते धुऊन, निवडून वेगळं करतात, यंत्रात त्याचा चुरा होतो आणि तो रस्त्याच्या डांबरात मिसळतात. मच्छीमार खातं, बंदर खातं, बोटमालकांच्या संघटना आणि स्थानिक संस्था एकत्र आल्या म्हणून ते उभं राहिलं. प्लास्टिक डांबरात घालणं हाच उत्तम उपाय आहे असं मला वाटत नाही, रस्ता झिजला की त्याचे कण परत पाण्यातच जाणार. पण बंदरावर प्लास्टिक घ्यायला कोणीतरी उभं आहे, हा फरक फार मोठा आहे.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. डोलकरीदादा, तुमचा प्रतिसाद वाचून धाग्याचं वजन वाढलं. ट्रॉलरचा मुद्दा मी मांडायला हवा होता.

समिधाताईंनी जे लिहिलं त्याच दिशेने मला जायचं होतं. कोळ्यांवर सक्ती करून काही होणार नाही, आणि आपल्याच राज्यात त्याचा पुरावा आहे. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात एक योजना चालू आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी अडकला, मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला आणि फोटो किंवा व्हिडिओ दिला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी कमाल २५,००० रुपये मिळतात. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांची ही योजना. तिच्यामुळे कितीतरी प्राणी परत पाण्यात गेले. ज्या हातांना आपण दोष देतो तेच हात जाळं कापतात, फक्त त्यांचं नुकसान त्यांच्याच माथी मारायचं नाही.

हाच न्याय जुन्या जाळ्यांना लावा. फाटलेलं जाळं बंदरावर किलोवर विकत घ्या. दक्षिण कोरियात मच्छीमारांनी समुद्रातून आणलेल्या कचऱ्याला गोणीमागे पैसे देण्याची पद्धत २००३ पासून आहे. नायलॉनचा पुनर्वापर होतो, बाजारात त्याला भाव आहे. तंगूस आणि साधं नायलॉन वेगळं ठेवलं, शिसं आणि बोये काढून घेतले तर तो कचरा राहतच नाही.

आणि शहरांसाठी: आपल्याकडे २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या कित्येक वस्तूंवर बंदी आहे. बाजारात जाऊन बघा काय मिळतं ते. खाड्यांच्या तोंडाशी कचरा अडवल्याशिवाय डोलकरीदादांचा खोला रिकामा होणार नाही.

आकडेमोड

जगाच्या पातळीवर काही ठरेल म्हणून थांबून राहू नका, एवढंच जोडतो. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत प्लास्टिक प्रदूषणाविरुद्ध जागतिक करार करायचं ठरलं, डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण कोरियात बुसानला तो झाला नाही आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हालाही वाटाघाटी कराराविना संपल्या. बंदरावरचं काम करायला त्या कराराची गरज नाही.

मालदीवचं उदाहरण बोलकं आहे. तिथे ट्यूना गळाने पकडतात, जाळ्यांची मासेमारी जवळपास नाही. तरी तिथल्या भूतजाळ्यांत सापडणाऱ्या कासवांत ऑलिव्ह रिडले सर्वांत जास्त. जाळी बाहेरून, मान्सूनच्या प्रवाहांबरोबर येतात. २०१३ पासून तिथे ऑलिव्ह रिडले प्रोजेक्ट ही संस्था त्यांची नोंद ठेवते: धागा कोणता, आस (जाळ्याच्या भोकाचा आकार) किती, गाठ कशी. जाळं कुठल्या मासेमारीचं असावं याचा माग त्यावरून काढता येतो. आपल्या किनाऱ्यावर साफसफाई करणाऱ्यांनी गोणी भरताना अशी नोंद ठेवली तरी खूप माहिती हाती येईल.

देवगडचो

जखमी कासव दिसला तर करूचा काय? लोक उचलून परत पाण्यात सोडतत.

मृण्मयी_व

फार महत्त्वाचं विचारलंत. जखमी किंवा थकलेलं कासव पाण्यात ढकलू नका. ते किनाऱ्यावर आलंय कारण त्याला पोहता येत नाहीये, परत सोडलं तर बुडेल. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं घाला, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. उलटं करू नका, वल्ह्याला धरून ओढू नका. कुत्री आणि गर्दी लांब ठेवा. जाळं सैल असेल तर कात्रीने हळू कापा. मांसात रुतलं असेल तर हात लावू नका, लोंबणारा भाग तेवढा कापा, कारण रुतलेला पीळ एकदम सोडला तर रक्तस्राव होतो. पाणी पाजू नका, खायला देऊ नका. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ लावा आणि जागा नीट सांगा.

डोलकरी_उत्तर

हे छापून आमच्या मच्छीमार सोसायटीत लावतो.

खाडीकाठ, जुनी जाळी किलोवर घ्यायची गोष्ट मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. लोक दोन प्रश्न विचारतील. भाव किती आणि गाडी कोण पाठवणार. समिधाताई, नींदकऱ्याला बोटमालकांच्या संघटनेने सुरुवातीला हे कसं बसवलं, पिशव्या कोणी दिल्या, निवडणाऱ्या बायकांना मजुरी कोण देतं, एवढं विचारून इथे लिहाल का? मराठीत लिहा, म्हणजे वाचून दाखवता येईल.

समिधा_कोची

नक्की. कोल्लमला ओळखीचे आहेत, त्यांच्याबरोबर बंदरावर जाऊन विचारते आणि याच धाग्यावर लिहिते. मजुरीचा आणि वाहतुकीचा खर्च वेगवेगळा विचारून आणते.